सुहासिनीचा हाका

सुहासिनी मानेला हळू बोलता येत नाही. प्रयत्न करून झाले, शपथा घेऊन झाल्या, पण नाहीच. तिचं माहेर माणदेशातलं, म्हसवडच्या बाजूचं. ज्वारीचं कणीस भरलं की माळ्यावर उभं राहून पाखरं राखायचं काम तिच्याकडे असायचं. भाऊ गोफण फिरवायचे आणि दगड भलतीकडे जायचा. ही नुसती हाळी द्यायची आणि तीन रानं पलीकडची पाखरं उठायची. "आमच्या सुहीला दगड लागत नाही," असं तिचे वडील, दादा, गावभर सांगत फिरायचे. आता असा गळा घेऊन बाई राहायला कुठे आली, तर जपानातल्या सेंदाईला! जिथे बसमध्ये फोन वाजला तर माणसं ओशाळून निम्मी होतात.

नवरा रविकांत विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो. स्वभावाने गरीब, पण दिवसातून दहा वेळा "अगं, हळू" म्हणतो. अकरा वर्षांची लेक आर्या तर मराठीत रागवतही नाही. "आई, उरुसाइ!" म्हणते, म्हणजे केवढा हा गोंगाट, आणि दार लावून घेते. सुहासिनी सकाळी डबे भरायच्या कारखान्यात अर्धवेळ काम करायची, तिथेही तोंडाला मास्क आणि बोलायची बंदी. सहा वर्षं अशी काढली बिचारीने.

मग तिने शहराच्या कडेला, बसने पाऊण तासावर, जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला. मेथी लावली, कोथिंबीर लावली आणि भुईमूग लावला. "इथल्या थंडीत भुईमूग?" म्हणून रविकांत हसला. आला की हो! चांगला टपोरा आला. आणि काढणीच्या आदल्या दिवशी रानडुकरांनी सगळा उकरून खाल्ला. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच, आणि टरफलं तेवढी पसरून ठेवली मेल्यांनी. सुहासिनी बांधावर बसून ढसाढसा रडली, मग नाक पुसून उठली आणि डोंगराकडे बघून ओरडली, "थांबा, बघतेच आता तुम्हाला!"

बघते म्हणाली म्हणजे बघते. डुकरांना फासे लावायचं लायसन्स निघतं, त्याला परीक्षा असते आणि पुस्तक अख्खं जपानीत. रोज जेवण झालं की आर्या गुरुजी आणि आई विद्यार्थिनी. "पुन्हा वाच. चुकलीस," असं लेक म्हणायची, आणि 'चुकलीस' हा एक मराठी शब्द मात्र तिला अगदी झकास जमायचा. सुहासिनी पहिल्या झटक्यात पास झाली.

लायसन्स मिळालं की शेताजवळच्या गावातल्या शिकाऱ्यांच्या मंडळात नाव घालायचं असतं. ही गेली. तिथे पाच जण, आणि सगळ्यात तरुण होते ते कुमागाई-सान, म्हणजे कुमागाईराव, वय वर्षं अडुसष्ट! म्होरके ओनोदेरा-सान एकोणऐंशीचे. जन्म सगळा लाकूडतोडीत गेलेला, बुटके, काटक, बोलणं मोजून मापून. त्या डोंगराची वाट त्यांना डोळे मिटून सापडते असं बाकीचे सांगत. त्यांनी सुहासिनीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बंदूक नाही. मग ही करणार काय?"

आता त्यांची शिकार म्हणजे आपला हाकाच. बंदूकवाले खाली डुकरांच्या वाटांवर दबा धरून बसतात, आणि दोघेतिघे वरून ओरडत, आरडाओरडा करत जनावर खाली हाकलतात. पण म्हाताऱ्यांचे गळे बसलेले. बिचारे फटाके वाजवून वेळ भागवत होते. सुहासिनीने हे ऐकलं, बांधावर चढली, कमरेवर हात ठेवले आणि नऊ वर्षं आत कोंडलेली हाळी सोडून दिली.

"हुऽऽर्र्या! हाऽऽ हाऽऽ हा!"

कुमागाईंच्या हातातला चहा सांडला. समोरच्या उतारावरून पाखरांचा थवा भर्रकन उठला. ओनोदेरा-सान कानामागे हात धरून, पलीकडच्या डोंगरावरून परत येणारा आवाज पुरता विरेपर्यंत उभे राहिले.

"रविवारी सकाळी सात वाजता," ते म्हणाले.

मोठ्याने ओरड, असं तिला कुणीतरी सांगत होतं! त्या दिवशी परतताना ती बसमध्ये एकटीच हसत होती.

तो सबंध हिवाळा झकास गेला. सुहासिनी आणि ओनोदेरा-सान वरून हाका घालायचे आणि बाकीचे खाली. मिळालेल्या वाट्याचं ती काळा मसाला घालून कालवण करायची आणि पुढच्या रविवारी डब्यातून न्यायची. म्हातारे नाकातून पाणी गाळत, डोळे पुसत भांडं चाटूनपुसून साफ करायचे. ओनोदेरा-सान तर सकाळी भेटल्याबरोबर 'शुभ सकाळ'च्या जागी "कालवण?" असंच विचारायचे.

आणि मग तो फेब्रुवारीतला रविवार आला.

सूर्य होता, पण सावलीत बर्फ तसाच. सुहासिनी आणि ओनोदेरा-सान दहा वाजता वर पोचले. कुमागाईंचा कुत्रा पुढे सोडलेला. अर्धा तास झाला नसेल, तोच खालच्या झुडपात कुत्रा पेटला. भुंकतोय, भुंकतोय, आणि एकदम कडाकडा फांद्या मोडत एक काळं धूड बाहेर आलं. केवढं! सुहासिनीच्या दहा पावलांवरून गेलं. तिच्या पायाखालची जमीन हादरलेली तिला कळली.

"हाऽऽ हाऽऽ! हाण! हाण त्याला!"

कुत्रा मागे, कुत्र्यामागे सुहासिनी, आणि तिच्या मागे ओनोदेरा-सान. एक धार ओलांडली, दुसरा उतार उतरले, पुन्हा चढले. काट्यांनी हात ओरबाडले, टोपी कुठे गेली पत्ता नाही. मग लांब खाली बार वाजला. एक, आणि लगेच दुसरा. रेडिओवर कुमागाई ओरडले, "पडलं! पडलं!"

सुहासिनीने टाळ्या वाजवल्या. ओनोदेरा-सानही हसले, आणि ते हसताना त्यांचे चार दात दिसतात हे तिला त्या दिवशी कळलं. रेडिओवर त्यानंतर नुसती खरखर सुरू झाली, कारण दोघं डोंगराच्या उलट्या अंगाला आली होती. कुत्रा केव्हाच खाली पोचला होता. साडेबारा वाजले होते.

"चला," सुहासिनी म्हणाली. ओनोदेरा-सान पुढे झाले.

वाटेत एक उन्मळून पडलेला सीडर, म्हणजे तिकडचा देवदार, लागला. खोड मधोमध चिरलेलं आणि त्याच्यावर कानाएवढ्या बुरशीच्या ओळी. सुहासिनीने ते सहज पाहिलं. अर्ध्या तासाने पुन्हा एक पडलेला सीडर आला. मधोमध चिरलेला. कानाएवढ्या बुरशीच्या ओळी.

अगं बाई, हे तर तेच झाड!

पण सांगणार कुणाला? पुढे चाललेले एकोणऐंशी वर्षांचे ओनोदेरा-सान, मंडळाचे म्होरके. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'चुकलात' म्हणायचं? माणदेशात म्हणत नाहीत आणि जपानात तर मुळीच म्हणत नाहीत. म्हणून सुहासिनी म्हणाली, "झाड सुंदर आहे."

"हं," ओनोदेरा-सान म्हणाले आणि भरभर चालू लागले.

तिसऱ्यांदा झाड आलं तेव्हा तिने विचारलं, "थकलात का?" ते म्हणाले, "नाही." आता ह्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा! एकाला मान जातो म्हणून बोलवेना, दुसरीला मान राखायचा म्हणून बोलवेना. मला ओरडू देत नाहीत म्हणून नऊ वर्षं कुरकुरलेली ही बाई, आणि जिथे खरंच ओरडायला हवं होतं तिथे दीड तास मूग गिळून चालत राहिली.

मग एक ओढा लागला. ओनोदेरा-सान थांबले. "हाच. हा सरळ ट्रकपाशी उतरतो."

सुहासिनीचा जीव भांड्यात पडला. दादांची शिकवण तिच्या हाडीमाशी खिळलेली होती: वाट चुकली तर ओढा धरावा, ओढा गावाला नेतो. माणदेशात नेतोही. तिथला ओढा म्हणजे वाळूचा रस्ता, वर्षातून चार दिवस पाणी आणि टोकाला गाव ठरलेलं. हा जपानी ओढा होता. दोन्ही काठ जवळ येत गेले, दगडांवर बर्फाचा पापुद्रा. ओनोदेरा-सानांचा पाय घसरला आणि ते मांडीपर्यंत पाण्यात गेले. तिने दंडाला धरून ओढून काढलं. तरी दोघं खाली, आणखी खाली.

आणि ओढा संपला. म्हणजे पुढे सरळ तुटलेलंच होतं. डोंगरातले धोंडे गावावर येऊ नयेत म्हणून बांधलेली सिमेंटची आडवी भिंत, आणि ओढा तिच्यावरून खाली पडत होता. सुहासिनीने वाकून पाहिलं. तीन मजले खोल. दोन्ही बाजूंना उभे कडे.

तिला एकदम पुस्तकातलं ते पान आठवलं. आर्याने ते तिच्याकडून चार वेळा वाचून घेतलं होतं. 'वाट चुकल्यावर पाण्यामागे खाली जाऊ नये. वर, डोंगराच्या धारेवर जावं.' शेजारी धबधब्याच्या टोकावर उभ्या माणसाचं चित्रही होतं. अगदी असंच, फक्त माणसं दोन हवी होती.

तीन वाजायला आले होते. थंडीने तिच्या फोनने केव्हाच मान टाकलेली. रेडिओ खरखरत होता. पाचनंतर सूर्य जाणार. ओनोदेरा-सानांची विजार गारठून ताठ झाली होती आणि ओठ निळे पडले होते. अंधार पडायच्या आत ह्यांना खाली नेलं नाही, तर म्हातारा उद्याची सकाळ बघत नाही. हे तिला लख्ख कळलं.

"ओनोदेरा-सान!" ती तिच्या खऱ्या आवाजात म्हणाली. "आपण चुकलोय!"

कड्यांवरून ते तीनदा परत ऐकू आलं. ओनोदेरा-सान तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "ते झाड दुसऱ्यांदा आलं तेव्हापासून. हा ओढा कुठला, मला कळत नाही. शरद ऋतूत एकदा माझ्याच घराजवळच्या चौकात मी असाच उभा होतो. कुणाला बोललो नाही."

त्यांनी खांद्यावरची बंदूक उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली. सुहासिनीला भडभडून आलं. पण रडायला वेळ होता कुठे! तिने पिशवीतून कोरडे लोकरीचे मोजे काढले, त्यांना खाली बसवलं आणि लहान पोराला घालावेत तसे घातले. शेंगदाण्याचे दोन लाडू हातावर ठेवले.

"खा. मग वर चढायचंय. आता मी पुढे."

"माझ्यामुळे तू..."

"ते नंतर. आणि ऐका, माझं चुकलं तर लगेच सांगायचं. मनात ठेवलंत तर बघा!"

ओनोदेरा-सानांनी लाडू चावत मान हलवली. "तुमच्या भाषेत काय म्हणतात त्याला?"

"चुकलीस."

"चुकुरीसु," ते म्हणाले आणि काठीला जोर देऊन उठले.

चढ कसला, भिंतच ती! कमरेएवढा बारीक बांबू माजलेला. त्याची झुडपं मुठीत धरायची आणि अंग वर ओढायचं. सुहासिनी चार पावलं चढायची, मागे वळून हात द्यायची. खाली सावली त्यांच्यामागून चढत होती. "चला! आणखी दहा!" दहा झाले की पुन्हा दहा. म्हातारा धापा टाकत होता, पण थांबला नाही. मध्येच पुटपुटायचा, "चुकुरीसु... चुकुरीसु..." सुहासिनी दचकून मागे पाहायची, तर तो नुसता पाठ करत होता.

धारेवर डोकं काढलं आणि समोर विजेच्या तारांचा लोखंडी मनोरा! ओनोदेरा-सान त्याच्या पायाशी गेले, लोखंडावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच पालटला.

"हा आमचा. ह्याच्या जागेवरची झाडं मी तोडली. बावीस वर्षांचा होतो. तारा तपासायला माणसं येतात, त्यांच्यासाठी वाट केली होती आम्ही." त्यांनी काठीने बर्फ उकरला आणि खरंच, बर्फाखाली पायऱ्या होत्या! पण मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना होत्या. एक वाट ह्या दरीत उतरत होती, दुसरी त्या. एकीच्या टोकाला गाव आणि ट्रक, दुसरीच्या टोकाला बारा किलोमीटर नुसतं रान. ओनोदेरा-सानांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खांदे पडले त्यांचे. रेडिओचाही जीव तोवर गेला होता.

सुहासिनीने कमरेवर हात ठेवले.

"हुऽऽर्र्या! हाऽऽ हाऽऽ हा!"

काही नाही. वाराच तेवढा. तिने दिशा बदलून पुन्हा हाळी दिली. काही नाही. तिसऱ्या वेळी तिने दादांना आठवलं, आर्याला आठवलं, आणि बेंबीच्या देठापासून असा आवाज काढला की तो शेवटी फाटला. दोघं कान देऊन उभी. आणि उजवीकडून, खूप खालून, कुत्रा भुंकला. मग ट्रकचा हॉर्न! एक लांब, दुसरा लांब, तिसरा लांब.

"उजवीकडे!" दोघं एकदम ओरडली.

पायऱ्या कसल्या उतरली दोघं, घरंगळलीच म्हणा. चार वाजून वीस मिनिटांनी झाडांतून ट्रक दिसले. साडेचार वाजले की पोलिसांना कळवायचं, असं ठरवून कुमागाई हातात फोन धरूनच उभे होते. ते धावत आले. कुत्रा त्यांच्या आधी आला. बाकीचे रागावत होते, हसत होते, ओनोदेरा-सानांच्या खांद्यावर घोंगड्या टाकत होते. "काय झालं तरी काय? तुम्ही असताना?"

सुहासिनीने ओनोदेरा-सानांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"माझ्यामुळे," ती म्हणाली, आणि चक्क हळू म्हणाली. "मी वाट चुकले. ओनोदेरा-सान मला शोधत आले."

"बाई आवाजाने डोंगर हलवते आणि वाट चुकते!" कुमागाई म्हणाले. सगळे हसले. खोटं तिनेच सांगितलं होतं, आपणहून सांगितलं होतं, तरी ओनोदेरा-सानांनी ते गप्प राहून घेतलं ह्याचं तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

कुमागाईंच्या शेडमध्ये वाटे पडले. मंडळाची रीत अशी की मांस सगळ्यांना सारखं, पण जनावराचं काळीज म्होरक्याने स्वतःच्या हाताने द्यायचं, त्या दिवशी ज्याच्यामुळे शिकार पार पडली त्याला. बार कुमागाईंचा होता, तेव्हा ते हात पुसून पुढे सरसावलेच. ओनोदेरा-सान उठले. टोपी काढली. काळजाची थाळी दोन्ही हातांत घेतली आणि सुहासिनीसमोर ठेवली.

"वाट मी चुकलो," ते म्हणाले. "हिने मला आणलं. हिने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी तासभर ते पांघरून बसलो. माझी मला लाज वाटते. बंदूक मी उद्या जमा करतो. पुढच्या रविवारपासून पुढे ही चालेल."

आणि ते तिच्यासमोर कमरेत वाकले. कुमागाई भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरू लागले. सुहासिनीने भोकाड पसरलं, आणि ती हळू रडणारी बाई नव्हेच.

घरी रविकांत हे ऐकून पांढराफटक पडला. "आता पुरे झालं हं, सुहास," म्हणाला. आर्याने परीक्षेचं पुस्तक आणलं, ते धबधब्याचं पान उघडून आईपुढे ठेवलं आणि आईच्या कुशीत शिरून बसली.

पुढच्या रविवारी सात वाजता सुहासिनीचं पाऊल जड होतं. बंदूक गेली, आता म्हातारा कशाला येतोय? पण ट्रकपाशी नारिंगी टोपी दिसली. ओनोदेरा-सान उभे होते, हातात नुसती काठी.

"कालवण?" त्यांनी विचारलं.

"आणलंय," ती म्हणाली.

कुमागाईंनी नकाशा आणि रेडिओ तिच्या हातात दिला. सगळे जण चढणीला लागले. आता म्होरकी पुढे, ताठ मानेने, दमदार पावलं टाकत. पहिला फाटा आला आणि ती बेधडक डावीकडे वळली. मागून, सगळ्यांच्या देखत, एकोणऐंशी वर्षांच्या छातीत होता नव्हता तेवढा दम एकवटून आवाज आला.

"चुकुरीसु!"

समोरच्या डोंगरावरून तो परत ऐकू आला. सुहासिनी गर्रकन वळली. ओनोदेरा-सान चारही दात दाखवत हसत होते आणि त्यांची काठी उजवीकडे रोखलेली होती. ती मुकाट मागे फिरली आणि त्यांच्या काठीच्या रोखाने उजवीकडे गेली. दहा पावलांवर डुकरांनी उकरलेली ताजी, ओली माती होती.